नात्याचं चित्र: आधी क्रियापद शोधा

वर्गात ‘आई’ असा विषय दिला की चाळीसातली पस्तीस पोरं डोक्यावर पदर घेतलेली बाई काढायची. कडेवर मूल, मागे तुळशीवृंदावन, कोपऱ्यात सूर्य. ‘मैत्री’ म्हटलं की एकमेकांत गुंफलेले दोन हात. ‘दुःख’ म्हटलं की डोळा आणि त्याच्या बाहुलीएवढा मोठा अश्रू. चौतीस वर्षं कणकवली तालुक्यातल्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवली, त्यात असे अश्रू किती तपासले असतील ते देव जाणे. पोरांना मी नावं ठेवत नाही. मीही तेच काढायचे. एलिमेंट्री, इंटरमिजिएट, पुढे आर्ट टीचर डिप्लोमा, सगळीकडे दिसतं ते काढायला शिकवलं. न दिसणारं कसं काढायचं ते कोणी सांगितलं नाही.

आता निवृत्त झाल्यावर शनिवारी घरी चार-पाच मोठी माणसं येतात. कोणी बँकेतून निवृत्त झालेलं, एक नर्स, एक रिक्षावाला. त्यांना मी जे करायला लावते ते इथे लिहिते. मिश्र माध्यम, म्हणजे रंगाबरोबर कापड, कागद, दोरा, माती, गंज असं हाती लागेल ते. आणि अमूर्त, म्हणजे चित्रात माणूस नाही, झाड नाही, सूर्य तर मुळीच नाही. उदाहरण माझंच घेते, बाबांवरच्या चित्राचं. दुसऱ्याच्या नात्याची उठाठेव मी कशाला करू?

नातं कुठलं घ्यायचं

एकच घ्या. ‘माझं कुटुंब’ असं घेऊ नका, त्यात काहीच नीट होत नाही. आणि ताजी जखम घेऊ नका. गेल्या महिन्यात ज्याच्याशी भांडण झालंय त्याच्यावर चित्र करायला बसलात तर हात रागाने चालतो. मग कागदावर लाल-काळे फटकारे उमटतात आणि आपल्याला वाटतं, वा, काय भावना उतरली! आठ दिवसांनी बघा, फक्त फटकारे दिसतील. चार-पाच वर्षं मुरलेलं काहीतरी घ्या. लोणच्यासारखं.

माझे बाबा गिरणीत होते. परळला. आमच्याकडची निम्मी गावं तेव्हा अशीच मुंबईच्या पैशांवर चालायची. बाप्ये तिकडे गाळ्यात दाटीवाटीने राहायचे, खानावळीत जेवायचे, बायका-पोरं इकडे. बाबा वर्षातून दोनदा यायचे, मे महिन्यात आणि गणपतीला. बाकीच्या वेळी बाबा म्हणजे मनिऑर्डर. पोस्टमन ओटीवर बसून नोटा मोजून द्यायचा, आईचा अंगठा घ्यायचा आणि फॉर्मच्या खालचं कुपन फाडून हातात ठेवायचा. त्यावर दोन-तीन ओळी लिहिण्यापुरती जागा असायची. बाबा लिहायचे:

“खुशाल आहे. रु. ६० पाठवत आहे. पावसाआधी कौलं बघून घेणे. मुलांनी अभ्यास करणे. काळजी करू नये.”

आईला वाचता येत नव्हतं. १९७३ पासून, म्हणजे मी सात वर्षांची असल्यापासून, कुपन वाचून दाखवणं माझ्याकडे आलं. आणि मी त्यात भर घालायचे. ‘काळजी करू नये’ झालं की जरा थांबून म्हणायचे, “तब्येतीला जप, असं लिहिलंय.” कधी “तुझी आठवण येते”, पण हे फार वेळा नाही, कारण बाबा असं बोलतील यावर माझाच विश्वास बसायचा नाही. बाबांनी असं कधी लिहिलं नाही. एकदाही नाही. माझ्याकडे त्रेचाळीस कुपनं आहेत, सगळी पुन्हा पुन्हा वाचली आहेत.

वस्तू जमवा, प्रतीकं नकोत

आता कागद घ्या आणि त्या माणसाच्या आणि तुमच्या मधे खरोखर ज्या वस्तू फिरल्या त्यांची यादी करा. नियम एकच: वस्तूला दोघांचेही हात लागलेले असले पाहिजेत. मोरपीस, मेणबत्ती, पिंजरा, तुटलेली काच यांपैकी काही यादीत आलं तर खोडा. ते तुमचं नाही, कॅलेंडरवरचं आहे. डब्याचं झाकण, रिचार्जचं खरवडलेलं कार्ड, औषधाची रिकामी पट्टी, किराण्याची चिठ्ठी, हे चालेल. बँकवाल्या काकांनी पहिल्या दिवशी बायकोसाठी गुलाब लिहिला होता. मी विचारलं, शेवटचा गुलाब कधी दिलात? हसले. दुसऱ्या शनिवारी दुधाची कुपनं आणि बी.पी.च्या गोळ्यांची रिकामी पाकिटं घेऊन आले.

माझ्या यादीत कुपनं होती. बाबांचं एक जुनं धोतर होतं, इतकं विरलेलं की पलीकडचं दिसावं. आणि एक तार होती. जुन्या घरात पत्रं, बिलं, पावत्या आकडा केलेल्या तारेत ओवून वाशाला टांगायची पद्धत होती. आई कुपन वाचून झालं की ते तारेत टोचायची. त्यामुळे प्रत्येक कुपनाला मधोमध एक भोक आहे आणि भोकाभोवती गंजाचं कडं, चार आण्यांएवढं. खालच्या कुपनांना फिकट, वरच्यांना गडद. सगळ्यात बाहेरचं कुपन चुलीच्या धुराने तपकिरी झालंय, त्यावरचं अक्षर उन्हात धरलं तरच लागतं.

ते भोक मी कित्येक वर्षं बघितलंच नव्हतं. अक्षरं वाचत होते ना.

अस्सल वस्तू चित्रात चिकटवू नका, एवढं मात्र कळकळीने सांगते. झेरॉक्स काढा, छाप घ्या, कपड्याचा एखादा तुकडा फार तर. चित्र बिघडतं, फेकावं लागतं; कुपन दुसरं मिळत नाही.

क्रियापद

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. यादीतल्या प्रत्येक वस्तूसमोर एक क्रियापद लिहा: त्या माणसाने तिचं काय केलं, तुम्ही काय केलंत. भावनेचं नाव लिहायचं नाही. प्रेम, राग, ओढ, अपराधीपणा हे शब्द या कागदावर बंद. घडी घालणे, पुसणे, लपवणे, मोजणे, उसवणे, ठिगळ लावणे, खरवडणे, भिजवणे, हे चालतील. हाताने करता आलं पाहिजे, ही अट.

कारण असं, की रंगाला ‘दुःखी हो’ म्हणून सांगता येत नाही. निळा लावला म्हणजे दुःख आणि लाल लावला म्हणजे राग हे रंगांच्या डब्यावर छापलेलं नसतं; आमच्याकडे लाल म्हणजे आधी पायाखालची माती आणि मग कुंकू. पण कागद पन्नास वेळा घडी घालून उघडला की तो घडीवर विरतोच. कापड उसवून पुन्हा शिवलं की जुन्या टाक्यांची भोकं राहतातच. नात्यात जे घडलं तेच साहित्याच्या अंगावर घडू द्यायचं. बघणाऱ्याला गोष्ट माहीत नसली तरी डोळ्याला कळतं की इथे काहीतरी बऱ्याच वेळा केलं गेलंय.

माझ्या कागदावर शेवटी तीन उरली. बाबांचं ‘पाठवणे’. आईचं ‘टोचणे’. माझं ‘भर घालणे’. पहिलं हाताने करता येईना, म्हणून ते रचनेकडे गेलं. ते कसं ते पुढे येईलच.

चित्रकार झरीना हाशमी यांचं ‘लेटर्स फ्रॉम होम’ हे २००४ सालचं काम पोरांना दाखवायचे. अलीगढला जन्मलेल्या झरीना जगभर फिरल्या, बहीण राणी पाकिस्तानात. राणीने लिहून ठेवलेली आणि न पाठवलेली उर्दू पत्रं पुढे कधीतरी झरीनाच्या हाती आली. आईवडील गेल्याचं, घर विकल्याचं त्यात होतं. झरीनाने ती पत्रं बहिणीच्या हस्ताक्षरातच छापली आणि त्यांवर घराचे आराखडे, नकाशे काळ्या रेषांत चढवले. उर्दू न येणाऱ्यालाही एवढं दिसतं, की लिहिलेलं आहे आणि त्याच्यावर घर येऊन बसलंय. डोळ्यातून पाणी कुठेच काढलेलं नाही.

तालीम

मोठ्या फळीला हात घालायच्या आधी पोस्टकार्डाएवढे वीस तुकडे करा. जुन्या लग्नपत्रिका उत्तम, जाड असतात. प्रत्येकावर एकच क्रियापद, दहा मिनिटं, घड्याळ लावून. वीसातले सतरा टाकाऊ निघतील. तीन ठेवा. एवढंच.

फळी

मी २४ बाय ३६ इंचाची, ९ मिलिमीटरची पाणी सोसणारी प्लाय घेते. कॅनव्हासवर कापड, माती असं वजन पडलं की तो झोळ धरतो. प्लायला पॉलिश पेपर मारा, मग भिंतीचा पाण्यातला पांढरा प्रायमर दोन हात. पुढून लावा तसा मागूनही लावा, आणि चारही कडांना. एकाच बाजूने लावलात तर पावसाळ्यात फळी पापडासारखी वाकते. जेसो, म्हणजे चित्रकार वापरतात तो पांढरा अस्तराचा रंग, मिळाला आणि परवडला तर दर्शनी बाजूला त्याचा एक हात.

चिकटवायला पूर्वी मी मैद्याची खळ करायचे, पुस्तकं बांधणारे बाइंडर करतात तशी. ते तिच्यात कसर लागू नये म्हणून मोरचूद घालतात. तो विषारी, घरात लहान मूल असेल तर नकोच. मोरचुदाशिवायच्या खळीने केलेलं माझं एक चित्र झुरळांनी दोन वर्षांत कडेने खाऊन आटोपशीर केलं. आता ॲक्रिलिक मीडियम वापरते, म्हणजे रंग न घातलेलं ॲक्रिलिक, वाळल्यावर पारदर्शक होणारं. फेव्हिकॉल चालतो, पण तो दमटपणात पुन्हा मऊ पडतो, त्यामुळे वरून वॉर्निशचा हात हवाच.

गंज

धोतराचा तुकडा आधी धुण्याच्या सोड्यात उकळून घेतला, कांजी आणि तेलकटपणा जावा म्हणून. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, चिमूटभर मीठ, त्यात कापड भिजवून हलकं पिळायचं. सपाट पसरून वर लोखंडी खिळे, वायसर, तारेचे तुकडे मांडायचे. ताज्या चकचकीत जस्त चढवलेल्या खिळ्यांचा उपयोग नाही, भंगारवाल्याकडचे गंजकेच आणा. प्लॅस्टिकने झाकून ठेवा. बारा तासांनी डोकावा. चोवीस तासांत चांगलं गडद येतं. हातमोजे घाला, नाहीतर आठवडाभर हळदीकुंकवाला जायची सोय नाही.

रंग मनासारखा आला की कापड लिटरभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून बुडवा आणि मग साध्या पाण्यात दोनदा खळबळा. हे टाळू नका. आम्ल राहिलं तर गंज कापड खात राहतो आणि दोन-तीन वर्षांनी ठिपक्यांच्या जागी भोकं पडतात. माझ्या चित्राला भोकं शोभली असती, पण ती मी पाडायची की गंजाने, हे मला ठरवायचं होतं.

रचना इथे ठरली. १९७३ ते १९८१, नऊ वर्षं. नऊ उभ्या रांगा, प्रत्येकीत बारा घरं, बारा महिने. ज्या महिन्याचं कुपन आहे तिथे गंजाचा एक ठिपका, बाकी घर कोरं. म्हणजे एकशे आठ घरांत त्रेचाळीस ठिपके. कापड मांडून झालं तेव्हा मला दिसलं की वरून पाचवी आडवी ओळ सगळी कोरी आहे. मे महिना. बाबा घरी असायचे, मनिऑर्डर कशाला येईल? बाकीची कोरी घरं म्हणजे हरवलेली कुपनं. दोन्ही कोरी घरं दिसायला मात्र सारखीच. घरी असलेले बाबा आणि हरवलेली चिठ्ठी यांत चित्रात काहीच फरक नाही. मी तसंच ठेवलं.

अशी चौकट आधी मिळाली तर पुढे हात मोकळा चालतो. गायतोंडे, नागपूरला १९२४ साली जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे, रोलरने आणि पॅलेट नाइफने रंग लावायचे आणि काढायचे. ओल्या रंगावर वर्तमानपत्राचे फाडलेले तुकडे दाबून उचलायचे. ‘अमूर्त’ म्हटलेलं त्यांना रुचायचं नाही. त्यांचा रंग स्वस्थ दिसतो, पण त्यामागची शिस्त कडक आहे. पोरं गायतोंडे बघून म्हणायची, “बाई, हे तर मलाही येईल.” मी म्हणायचे, ये, रोलर घे. तासाभरात चिखल व्हायचा.

अक्षर उतरवणं

हस्ताक्षर कापडावर किंवा फळीवर उतरवायला टोनरचा छाप घेतात. मूळ कुपन दुप्पट मोठं करून झेरॉक्स काढा. लेझरचं प्रिंट किंवा झेरॉक्सच हवं; शाईच्या प्रिंटरचं प्रिंट पाणी लागलं की पसरतं. जिथे उतरवायचं तिथे मीडियमचा पातळ, एकसारखा थर द्या आणि झेरॉक्स पालथी टाका, अक्षराची बाजू खाली. जुन्या ए.टी.एम. कार्डाने मधून कडेकडे दाबत बुडबुडे काढा. उन्हाळ्यात एक दिवस, पावसाळ्यात दोन दिवस हात लावू नका. मग ओल्या स्पंजाने कागद भिजवा आणि बोटाच्या पेराने गोल गोल चोळा. कागदाचा लगदा वळ्या होऊन निघतो, अक्षर मागे राहतं. एकदम सगळं काढायला जाऊ नका. वाळू द्या, पांढुरकी साय दिसेल, पुन्हा भिजवा, पुन्हा चोळा. तीन वेळा. शेवटची थोडी साय मीडियमचा हात मारल्यावर पारदर्शक होते.

पालथं टाकल्यामुळे अक्षर उलटं येतं. म्हणून झेरॉक्सवाल्याला ‘मिरर काढून दे’ म्हणायचं असतं.

मी म्हणाले नाही. विसरले. २०११ चा मे महिना होता, ओटीवर बसून तासभर चोळल्यावर खालून बाबांचं अक्षर आलं ते उलटं. आरशातलं. ‘खुशाल आहे’ उजवीकडून डावीकडे. इतकी चिडले की पाण्याचं भांडं लवंडलं. आई तेव्हा ऐंशीच्या पुढे, बाजूलाच काजू सोलत बसलेली. तिने वाकून बघितलं.

“काय झाला?”

म्हटलं, अक्षर उलटं आलंय, वाचता येणार नाही कोणाला.

ती बघत राहिली आणि म्हणाली, “माका तर ह्यां पयल्यापासून असांच दिसता.”

ते अक्षर मी सरळ केलं नाही. म्हणून शनिवारच्या माणसांना सांगते, चूक झाली की फळी आठ दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवा. आठ दिवसांनीही चूकच वाटली तर प्रायमर मारा. लगेच मारू नका.

माती

मुंबईचा गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांनी पुकारलेला. मनिऑर्डरी थांबल्या, आणि वर्षभराने बाबा घरी आले ते कायमचे. एका घरात बाबा आणि मी, आणि बोलायला काहीही नाही. ‘मुलांनी अभ्यास करणे’ हे कुपनावर लिहिता येतं, समोरासमोर कसं म्हणणार? म्हणून कापडावरच्या बारा घरांनंतर खाली बारा इंच जागा मी मोकळी ठेवली होती. तिथे ना गंज, ना अक्षर. नुसती माती.

जांभ्याचा चुरा कुठेही मिळतो, चिऱ्याच्या खाणीजवळ तर ढीग. तो कुटा, मलमलीतून चाळा, बादलीत पाण्याबरोबर ढवळा आणि अर्धा मिनिट थांबा. वाळू तळाला बसते. वरचं लाल पाणी दुसऱ्या भांड्यात ओता आणि रात्रभर निवळू द्या. सकाळी वरचं स्वच्छ पाणी काढून टाका. तळाला जो मऊ गाळ राहतो तोच रंग. वाळवून डबीत भरा, वर्षानुवर्षं टिकतो, आणि उन्हाने उडत नाही. हळदीचं तसं नाही. हळद काय सुंदर दिसते पहिल्या दिवशी, पण खिडकीसमोर ठेवलीत तर थोड्या दिवसांत फिकी पडते. कोकमाचीही तीच गत. बिब्बा तर घेऊच नका, परटाची खूण कपड्यावरून जात नाही हे खरं, पण अंगावर फोड उठतात.

मातीत अंदाजे तेवढंच मीडियम घाला, पातळ लावा, वाळल्यावर पांढऱ्या फडक्याने घासून बघा. फडकं लाल झालं तर मीडियम कमी पडलं. मी पहिल्यांदा हौसेने बोटभर जाड थापली होती. एप्रिलात ती भाताच्या खाचरासारखी भेगाळली आणि एक दिवस पंख्याखाली ढेकूळ पडलं. ते सगळं खरवडून पुन्हा तीन पातळ हात दिले. खरवडलेल्या जागी फळी जराशी दिसते, डावीकडे खाली. राहू दिलं.

भर

राहिलं माझं क्रियापद. ‘तब्येतीला जप’ कसं घालायचं? रंगाने लिहिलं तर ते बाबांच्या अक्षराशेजारी ओरडायला लागलं. पेन्सिलीने लिहिलं तर शाळेतलं वाटायला लागलं. शेवटी पांढऱ्या धोतरावर पांढऱ्या दोऱ्याने शिवलं, गोधडीला घालतो त्या धावदोऱ्याने. समोरून बघितलं तर काहीच नाही. संध्याकाळी उजवीकडून तिरपं ऊन आलं की टाक्यांची सावली पडते आणि अक्षर उठतं.

कापड फळीवर चिकटवायच्या आधीच शिवा, नंतर सुई जायची कुठून! रिळाचा बारीक दोरा नको, गोधडीचा जाड घ्या. आणि गोधडीच आणून अख्खी फळीवर डकवायचा मोह होईल. अमेरिकन चित्रकार रॉबर्ट रॉशेनबर्गने १९५५ मध्ये आपली गोधडी आणि उशी ताणून त्यावर रंग ओतला, ‘बेड’ नाव दिलं आणि भिंतीवर टांगली. आज ती न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये आहे. पण त्याने गोधडीला काहीतरी केलं. आपण नुसती डकवली तर ती हस्तकला प्रदर्शनातली गोधडीच राहते, आणि आईला थंडीत पांघरायला नसते ते वेगळंच.

थांबायचं कधी, हे सगळे विचारतात. मी एकच करते: चित्रातली एक-एक गोष्ट हाताने झाकून बघते. झाकल्यावर काहीच गेलं नाही असं वाटलं तर ती काढून टाकायची. माझ्या चित्रात वरच्या कोपऱ्यात खरी तार आकडा करून ठोकली होती. फार आवडायची मला. झाकून बघितली, चित्राला काही फरक पडेना. काढली. तीन दिवस वाईट वाटलं.

मग वॉर्निश, बिनचमकीचं, दोन पातळ हात, एक उभा आणि एक आडवा. टांगताना फळीच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, भिंत आणि चित्र यांत अर्धा इंच हवा खेळली पाहिजे. आमच्याकडच्या पावसात भिंतीला चिकटलेल्या कुठल्याही गोष्टीला श्रावणापर्यंत बुरशी येते. ऑगस्टमध्ये एकदा उतरवून मागून कोरड्या फडक्याने पुसा.

ज्याच्यावर चित्र आहे त्याला दाखवायचं का, हे तुमचं तुम्ही ठरवा. दाखवलंत तर समजावून सांगू नका. बाबा १९९४ लाच गेले होते. आईला मी संध्याकाळी दाखवलं, ऊन उजवीकडून येत होतं. तिने गंजाच्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं, मे महिन्याच्या कोऱ्या ओळीवर थांबली की नुसतीच दमली, ते कळलं नाही. मग पांढऱ्या टाक्यांवर हात ठेवला. मला वाटलं, आता विचारणार काय लिहिलंय. मी काय वाचून दाखवायचं ते मनात जुळवतही होते.

“टाके लांब पडले तुझे,” ती म्हणाली, आणि सुई मागितली.